दोन पाळ्यांचा पेपर

बारामती स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या बनाबाईंच्या कानावर मागच्या बाकावरच्या आजोबा-नातीचं बोलणं पडत होतं. नात डॉक्टर. पुढच्या शिक्षणाची परीक्षा गेल्या साली दोन पाळ्यांत झाली आणि तिचा नंबर हुकला.

“करुणा, नुसतं मार्क न्हाय बघत, मग बघत्यात काय?”

“आपल्या पाळीतली शंभरातली किती पोरं आपल्या मागं राहिली, तेवढंच. एका पाळीला पेपर अवघड आला तरी कुणाचं नुकसान नको म्हणून.”

“आन तुज्या पाळीला हुशारच पोरं जास्ती आली आसली तर?”

“दोन्हीकडं सारखीच असतात असं धरतात, आबा.”

“धरत्यात व्हय.”

“यंदा सगळ्यांना एकच पेपर आहे. आता हुकलं, तर दोष पाळीलाही देता येणार नाही.”

“मला दे की. मी हाय न्हवं.”