ठकीला विचारलं का?

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं ठके, तू होय! बोल ना. … हो, मीच. ट्रस्टच्या ऑफिसातली ताई. माझ्या टेबलावरचा फोन दुसरं कोण उचलणार? … नाही गं, जेवण झालं केव्हाच. तू बोल.

काय भरलीस? … बॅग? कसली बॅग?

थांब, थांब. एकेक सांग. कपडे भरलेस. … उशी भरलीस. … रेडिओ बसत नाहीये. … आणि तो तिकडे चालेल का, हे विचारायला फोन केलास? … 'तिकडे' म्हणजे कुठे, ठके?

… त्या संस्थेत. मोठी बाग आहे ती. … कोण म्हणालं तुला, तिकडे जायचंय म्हणून? … दादा आणि वहिनी स्वयंपाकघरात बोलत होते. तू दाराआडून ऐकलंस. … कधी, रविवारी? अगं, आज बुधवार! तीन दिवस पोटात ठेवून बसलीस? आणि आज एकटीनंच बॅग भरलीस? … रडलीस? … थोडीच. … बरं.

हो, हो… अगं ऐक ना. नीट ऐक. ती बॅग रिकामी कर. … हो, रिकामी. सगळी. तू कुठेही जात नाहीयेस. … खरंच. आत्ताच आमची मीटिंग संपली. मी तुलाच फोन करणार होते, चष्मा शोधत होते, तेवढ्यात तुझाच आला. … शपथ? … घेऊ नये म्हणायची आई? मग शपथ नको, नुसतं खरं.

वहिनी आहे ना तुझ्या सोबतीला घरात? … औषधाच्या दुकानात गेलीय. बरं. मग खुर्चीवर बस आणि ऐक. … बॅग काढता काढता ऐकतेस? चालेल. उशी आधी काढ, म्हणजे जागा होईल.

हं. तर मीटिंगला कोण कोण होतं? मी, दादा आणि डॉक्टरकाका. तुझ्या ट्रस्टचे आम्ही तिघं विश्वस्त. … पुन्हा सांगू? सांगते की. आईनं जाताना हे घर आणि पैसे आमच्या तिघांच्या हातात दिले. पण ते आमचे नाहीत. … कुणाचे? … शाब्बास, ठकीचे. आम्ही नुसते राखणदार. … नाही गं, शिट्टी नसते आम्हाला.

तर दादा म्हणाला, गेल्या गुरुवारी मावशी न्हाणीघरात पडल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. ठकी एकटी. म्हणाला, मावशींसारखी चोवीस तासांची बाई पडू शकते, तर आता या घरात भरवसा कुणाचा? ठकीला संस्थेत ठेवू. तिथे रात्रंदिवस माणसं असतात. … हो, म्हणाला असं. … अगं, रागावू नकोस त्याच्यावर. वाईट नाहीये तो. घाबरट आहे. … हसू नकोस! दादा आहे तुझा. … बरं, हस थोडी.

आणि त्यानं आईचं पत्र काढलं. तेच, आईनं आमच्यासाठी लिहून ठेवलेलं. त्यात आहे ना, 'माझ्या मुलीला गोष्टी उशिरा कळतात, तिला कधीही एकटं सोडू नका.' … हो. आईनंच लिहिलंय. … नाही, आई खोटं नाही बोलली. … सांगते ना. माझ्यासमोर बसून लिहिलं तिनं ते. बारा वर्षं झाली. तेव्हा तुला रस्ता ओलांडता यायचा का? … फोन लावता यायचा? … मग! आईनं त्या वेळच्या ठकीबद्दल लिहिलं. आताची ठकी तिनं पाहिलीच नाही.

… हो गं. पाहायला हवी होती. … हो. मलाही येते आठवण. … पूस डोळे. ओढणीला नको, रुमालाला पूस.

मग डॉक्टरकाकांनी हॉस्पिटलचा कागद काढला. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना त्यांनी स्वतः विचारून आणलं होतं, गुरुवारी काय काय झालं ते. आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, दादाच्या तोंडासमोर. … काय म्हणजे? तू काय केलंस ते!

आधी दुधाखालचा गॅस बंद केलास. मग अ‍ॅम्ब्युलन्सला फोन. पत्ता दोनदा सांगितलास, आणि म्हणालीस, 'गल्लीत दोन पिवळ्या इमारती आहेत, आमची ती जिना बाहेरून असलेली.' … म्हणालीस ना? … तेच. मावशींना उचलायला गेली नाहीस. डोक्याखाली टॉवेल ठेवलास, अंगावर चादर घातलीस. दुसरा टॉवेल घेऊन फाटकाशी उभी राहिलीस, हलवत. … ड्रायव्हर म्हणाला, लांबून वाटलं, कुणी आगगाडीला निरोप देतंय!

आणि मावशींच्या गोळ्यांचा डबा बरोबर घेतलास. डॉक्टरकाका म्हणाले, शिकलेसवरलेले लोक पेशंट घेऊन येतात आणि गोळ्या घरी विसरतात. हिनं डबा आणला, म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे वेळेवर कळलं. नाहीतर ऑपरेशनमध्ये जिवावर बेतलं असतं. … जिवावर म्हणजे… म्हणजे मावशी वाचल्या, ठके. तुझ्यामुळे.

  … तुझ्यामुळेच गं.

हो, आणि कुलपाचंही सांगितलं त्यांनी! पेशंट गाडीत, इंजिन चालू, आणि या बाईसाहेब दोनदा परत जाऊन कुलूप ओढून बघतायत. … चुकलं नाही गं. पुढच्या वेळी एकदाच ओढ, एवढंच.

दादा? … पाणी प्यायला. मग म्हणाला, या वेळी निभावलं, पुढच्या वेळी नाही निभावलं तर? मी आईला शब्द दिलाय. रात्री फोन वाजला की मी आधी चपला घालतो, मग उचलतो. … हो ना. इतकी वर्षं. आम्हाला कधी बोलला नव्हता.

आता एक सांगू? … आधी रागावणार नाहीस, म्हण. … ठीक, रागाव हवं तर.

त्या संस्थेचा अर्ज होता ना… त्यावर सोमवारी मीही सही केली होती. … हो. मी. … दादानं फोन केला, घाबरला होता, मीही घाबरले. म्हटलं, कागद तयार असू दे. … नाही. नाही विचारलं तुला. … तेच तर. एकेचाळीस वर्षांची बाई तू, घर तुझं, आणि तू कुठे राहायचं ते आम्ही तिघं ठरवायला बसलो. तिथे तुझी खुर्चीसुद्धा नव्हती. राखणदारानं मालकाला विचारलंच नाही. डॉक्टरकाकांचं वाचून झालं आणि मला माझीच लाज वाटली. मीच म्हटलं, 'ठकीला विचारलं का?' अर्ज मी फाडला. … टर्रकन. हो, दादासमोर.

… चुकले गं मी. … माफ केलंस? इतक्या लगेच? … थोडा वेळ तरी घ्यायचास!

बरं, आता ठरलंय काय, ते ऐक. तीन महिने बघायचं. दिवसा एक नर्सबाई येतील. रात्री तू एकटी. … हो, अगदी एकटी. भीती वाटते? … थोडी. वाटू दे. मलाही वाटते माझ्या घरात. पलंगाशी एक बटण बसेल, दाबलं की शेजारच्या मास्तरीणबाईंकडे घंटा वाजेल. … गंमत म्हणून नाही दाबायचं! … एकदासुद्धा नाही. आणि यापुढे प्रत्येक मीटिंगला तू येणार. आमच्या बरोबरीनं बसणार. … काय बोलायचं? जे वाटेल ते. … बिस्किटं? असतात, असतात.

दादानं सही केली ना! केली म्हणून तर सांगतेय.

तुला काही विचारायचंय? … विचार.

… मावशी कुठे जाणार? … म्हणजे हॉस्पिटलमधून? उद्या सोडतायत, हो. … त्यांच्या भाचीकडे, बहुतेक. … एका खोलीत पाच जणं? तुला कुणी सांगितलं? … मावशींनी. आणि जिना आहे. तीन मजले. … हं. … प्लास्टरचा पाय घेऊन कशा चढतील, खरंय.

… तुझ्याकडे?

ठके, अगं, त्या तुझी काळजी घ्यायला होत्या. आता त्यांनाच… … तू घेणार. … तू त्यांची काळजी घेणार.

… नाही, मी नाही म्हणत नाहीये. विचार करतेय. अगं, ट्रस्टचा पैसा तुझ्यासाठी आहे, दुसऱ्या कुणासाठी खर्च करायचा तर मला कागद बघावा लागतो. … बघते ना, फाईल इथेच आहे. थांब हं… … हे बघ, कागदात लिहिलंय, 'मुलीच्या सुखासाठी आणि सोबतीसाठी.' … सोबतीसाठी. हो. … वकिलाला दाखवावं लागेल, पण माझ्या मते बसतं. डॉक्टरकाका हो म्हणतील. … दादाचं मी कसं सांगू?

बेल वाजली का गं? … मला ऐकू आली. वहिनी असेल. … किल्ली आहे तिच्याकडे? मग आधी विचार, कोण आहे. विचारल्याशिवाय उघडू नकोस. …

… दादा? या वेळी? इथून निघाला तेव्हा घरी जातो म्हणाला होता. … उघड, उघड. … मी सांगू त्याला? नाही बाई. मी नाही सांगणार. तुझं घर, तुझ्या मावशी. तू बोल. … फोन टेबलावर ठेव हवा तर. मी आहे इथे.

…

…

हॅलो? … हां, दादा, बोला. … हो, मीच. … काही नाही हो, फोन तिचाच आला होता. … बॅग? हो, रविवारी ऐकलं होतं तिनं तुमचं. … असू दे. नका लावून घेऊ मनाला. … दादा, बसा आधी. पाणी प्या. … असू दे, रडा. तिनं पाहिलं तर पाहिलं.

मावशींचं विचारलं तिनं? … विचारलं नाही? … सांगितलं! … काय सांगितलं? … मावशींना खिडकीजवळचा पलंग. ती स्वतः खाली गादी घालणार. … नर्सबाईंनी दोघींचं बघायचं. … आणि तुम्ही उद्या गाडी आणायची. … मावशींचा पाय कुणाच्या मांडीवर? … तिच्या. मागच्या सीटवर. आणि पुढे तुमच्या शेजारी मावशींचं सामान. … वहिनी रिक्षानं!

… दादा, हसताय तुम्ही? … नाही, बरं वाटलं ऐकून. आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

तुम्ही काय म्हणालात मग? … इतकंच? … नाही, पुरे आहे की. 'किती वाजता येऊ' यापेक्षा वेगळं काय म्हणायचं असतं? … हो. … ठेवते मी. बसा तिच्याजवळ.