पन्नास मिनिटं उशिरा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, खाडी अभ्यास केंद्रातले माझे सहकारी, समोर बसलेले मच्छीमार बंधुभगिनी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे केंद्रातून आज निवृत्त होणारी माझी आत्या. व्यासपीठावरून तिला ‘त्या’ म्हणायचं असं ठरवून आले होते. ते जमायचं नाही, हे तिच्याकडे पाहिल्यावर कळलं.

बोलण्याआधी एक दुरुस्ती. आपल्या हातातल्या स्मरणिकेत मी ‘खाडी म्हणजे नदीचा शेवट’ असं लिहिलं आहे. ते चूक आहे. काल आत्याने ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, “शेवट? जी बाई दिवसातून दोनदा माघारी फिरते, तिचा शेवट झाला म्हणतात होय गं?” तेव्हा कृपा करून ते वाक्य खोडावं. भरतीला समुद्र नदीला मागे रेटतो, ओहोटीला ती पुन्हा पुढे येते. गोडं आणि खारं पाणी जिथे असं रोज एकमेकांत मिसळतं, ती खाडी.

हे खरं तर मला लहानपणापासून ठाऊक होतं. मला दम्याचा त्रास होता, म्हणून दहाव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे आत्याचं स्वयंपाकघर. एकदा तिने काचेच्या पेल्यात मिठाचं पाणी घेतलं, त्यात शाई टाकली आणि चमच्याच्या पाठीवरून हळूच साधं पाणी सोडलं. निळं पाणी खालीच राहिलं. “खारं जड असतं,” ती म्हणाली. “वर गोडं लागलं म्हणून तळाला विचारायचं राहू नये.” म्हणून आमच्या केंद्रात खाडीचे नमुने घेताना एक बाटली वरच्या पाण्याची, एक तळाची. होडीत एकीने दोर धरायचा, दुसरीने बाटली.

आता या रिकाम्या खुर्च्यांबद्दल. कामाच्या दिवशी, सोमवारी, दुपारी तीनला समारंभ कोण ठेवतं? मी ठेवला. आज भरती सकाळी नऊला होती; तीनला ओहोटी, म्हणजे आत्या मोकळी, एवढंच मी पाहिलं. बाकीच्या जगाला कचेऱ्या असतात हे ध्यानातच आलं नाही. दोष माझा आहे, तिच्याबद्दलच्या लोकांच्या आपुलकीचा नाही.

पण सवय तिचीच लागली. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. नमुने भरतीला घ्यायचे, म्हणून आत्याचं जेवणही रोज पुढे सरकायचं. लोक जेवायला बोलवायचे, ताट झाकून ठेवायचे, मग बोलवायचे थांबले. शेजारच्या काकू म्हणायच्या, “हिचं लग्न चंद्राशी लागलंय, आणि तोही मेला वेळेवर घरी येत नाही!” आत्या मनापासून हसायची. दार लावल्यावर मात्र गार झालेलं जेवण एकटीच वाढून घ्यायची.

एवढं कशासाठी? समुद्रातल्या कितीतरी माशांची पिल्लं आपलं बाळपण या उथळ, गढूळ पाण्यात काढतात. लांबून आलेले पक्षी या चिखलात पोट भरतात. वादळात लाटेचा पहिला जोर हा चिखल आणि त्यातलं गवत अंगावर घेतं, उरलेला आपल्या घरांपर्यंत येतो. मच्छीमार बंधूंनो, तुम्हाला हे सांगणारी मी कोण? पण बाजारामागच्या चिखलावर भराव टाकून वाहनतळ करायचं घाटतंय, म्हणून पुन्हा सांगावं लागतं.

खाडीपलीकडचा चिखल असाच गेला. तिथे आता गोदामं आहेत. त्या भरावाच्या सुनावणीत आत्याचे आकडे वाचून दाखवले, पण “कोणाचा आक्षेप?” असं विचारलं तेव्हा खोलीत कोणी उठलं नाही. आत्या होडीत होती. मी एकदा विचारलं, “एक भरती सोडली असतीस तर?”

ती म्हणाली, “नाही सोडवली गं.”

उद्या ती थोरल्या काकांकडे राहायला जाते आहे. तिथून समुद्र फार लांब आहे. तिची जागा भरणार नाहीत, असं वरून कळवलंय. दोर आणि बाटली एकटीने कशी धरायची, याचा मी सराव करते आहे. चार माणसांत बोलायचाही करते आहे; आवाज कापतोय तो आपल्याला ऐकू येतच असेल.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण कामं टाकून आलात, मी ऋणी आहे. कार्डावरची वेळ, स्मरणिकेतलं वाक्य आणि भर सभेत आत्याला केलेलं अरे-तुरे, सगळं पोटात घालावं.

आत्या, वाहनतळाची सुनावणी अकराला आहे आणि भरती साडेअकराला. त्या दिवशी होडी धक्क्यालाच बांधलेली राहील, नोंदींच्या तक्त्यातला रकाना कोरा राहील. “कोणाचा आक्षेप?” असं विचारतील, तेव्हा मी उठेन. या गुरुवारी, सतरा तारखेला.