विद्यापीठाचं बक्षीस

लातूरच्या बसस्टँडवर नांदेडची गाडी अजून लागायची होती. सिंधूताईंच्या शेजारी बाकावर सरजाबाई आणि त्यांची नात समीक्षा यांची केव्हाची हुज्जत चालली होती.

“आजी, ताप हाय तुला. बक्षीस विद्यापीठाला भेटून राहिलंय, तू कशाला जायचं?”

“गावासंगं काम केलं म्हणून भेटून राहिलंय. मग गाव नको व्हय तिथं?”

“टाळ्या वाजवायला?”

“त्यांच्या पोरींनी आपल्या जात्यावरच्या ओव्या मशिनीत भरून घेतल्या न्हवं? त्या लावणार हायेत.”

“तुझ्याच ना? घरी म्हण की.”

“एक तुझ्या मायची हाय. वारली त्याच्या आदल्या साली गायलेली.”

समीक्षा आजीकडे वळली.

“मला आधी का न्हाई सांगितलं?”

“मायचा आवाज ऐकायचाय म्हटल्यावर आली असतीस का?”

गाडी लागली. सिंधूताई दारापाशी पोचल्या, तर समीक्षा पायरीवर आडवी उभी.

“मावशी, थांबा जरा. आजीला आधी चढू द्या.”