धुराड्याचं माप

(घाटनांदूरच्या शिवारातली सतरंजीच्या सुताची गिरणी. कापूस पिंजायच्या खोलीला बाहेरून कुलूप. दाराशी झाडलोट करणारी छबुबाई आणि तिचा धाकटा भाऊ, मुकादम बजरंग.)

छबुबाई : किल्ली दे म्हणते ना, बजा! दिपाली आत हाय, तिला दमा हाय.

बजरंग : हळू बोल, अक्का. प्रदूषणवाले साहेब गच्चीवर हायत. धुराड्यातून किती धूळ निघती ते मोजायलेत.

छबुबाई : मोजू दे की. कुलूप कावून?

बजरंग : धूळ गाळायच्या पिशव्या फाटल्यात. म्हणून धुराड्यात आतून पोतं कोंबलंय म्या. आता दार उघडलं की समदा फुफाटा साहेबाच्या नाकात. गिरणीलाच टाळं लागंल.

छबुबाई : मंग मशीन तरी बंद कर.

बजरंग : मशीन चालू असल्याबिगर माप घेत न्हाईत. अन् मशीनला कापूस घालाया एक माणूस लागतंच.

छबुबाई : बाकी बायांना सुट्टी, अन् माझीच लेक आत?

बजरंग : बाया बाहेर येऊन बोंबलत्या. ही सख्खी भाची हाय. मामाचं नाव खराब करायची न्हाई.

छबुबाई : थापा मारायलीय रे दारावर! ऐक की!

बजरंग : तोंडाला फडकं दिलंय. अर्ध्या तासात कुणी मरत न्हाई.

छबुबाई : तुझी लेक संस्कृती ठिवली असतीस का आत?

बजरंग : ती कॉलेजात शिकती, अक्का. तिचं अन् हिचं काय लावती? अन् ध्यानात ठिव, साहेबाला सांगितलंस तर आधी पंचनामा. तो हुईस्तोवर दाराला हात लावू देत न्हाईत. गप ऱ्हायलीस तर साहेब जातील, लगेच उघडतो. आईची आण. गप, आले.

साहेब : छान ठेवलंय हो, मुकादम. वर धुळीचा कणसुद्धा नाही.

बजरंग : लई जपतो, साहेब.

साहेब : आत ठोकल्यासारखं काय वाजतंय?

बजरंग : मशीन. जुनाट झालंय.

साहेब : काय मावशी, धुळीचा त्रास होतो का इथे?

छबुबाई : न्हाई, साहेब. कायीच न्हाई. तुमी निघा आता. ऊन लई झालंय.

साहेब : निघणारच. अजून दहा मिनिटं माप चालेल. तोवर चहा होऊ द्या.

बजरंग : आत्ता सांगतो, साहेब. आलं घालून.

साहेब : अरे, आवाज थांबला की. मशीन बंद पडलं का?

छबुबाई : न्हाई, साहेब. मशीन चालूच हाय.