जामनामायचं पाणी

अहो, मागच्या आयाबायांनो, पुढे सरका! देवाजवळ बसायला लाजता काय? हं — ज्याला जो देव आवडतो त्याचं नाव घ्या मनात, आणि... नको नको, गोदाकाकू, पाणी नको मला! गळा ठणठणीत आहे माझा. बसा तुम्ही.

तर मंडळी, मला एक सांगा. देणं अवघड — की घेणं अवघड?

बघा! सगळे म्हणाले, देणं! खरंय बाबांनो. आरतीचं तबक फिरायला लागलं की इथल्या निम्म्या लोकांना बाहेर काढलेल्या चपला आठवतात! पण मी म्हणतो, घेणं त्याहून अवघड. कसं? ऐका.

नाशकात श्रीरंग देवकुळे नावाचा एक गृहस्थ. पंपाच्या दुकानात कामाला. हाताला चांगला, जिभेला चांगला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची बायको वैजयंती. तिची लग्नापासूनची एकच हौस — पाठीवर पिशवी टाकायची आणि डोंगर हिंडायचे! आता दागिना मागितला असता तर बिचाऱ्याची पंचाईत झाली असती. ही डोंगर मागत होती!

श्रीरंग म्हणाला, "चल, सातपुड्यात जाऊ. एसटीनं जायचं, मग पायी. आपली खिचडी आपण शिजवायची, आपल्या तंबूत आपण झोपायचं. पण एक अट! कुणाच्या दारात जायचं नाही. कुणाचं काही घ्यायचं नाही."

"पाणीसुद्धा नाही?"

"पाणीसुद्धा नाही!"

आता हे कुठून आलं? सांगतो. त्याचे वडील माणूस वाईट नव्हते हो! पण खोड अशी की जेवणाच्या वेळेला बरोब्बर कुणाच्या तरी ओट्यावर हजर. लोक म्हणायचे, "आले! वाढा ताट!" — आणि हसायचे. ते हसणं लहानग्या श्रीरंगाच्या कानात जे बसलं, ते बसलंच. पोरानं मनाशी ठरवलं, मी कुणाचा मिंधा होणार नाही. आणि झाला नाही. कुणी चहाला बोलावलं तर हा घरून पिऊन जायचा!

निघाले दोघं. दुकानाला सुट्टी वैशाखात, त्यामुळे ऊन असं की दगडावर हात ठेववेना. श्रीरंगाच्या पाठीवर स्टोव्ह, तांदूळ, डाळ, तंबू, दोरी, लोणच्याची बरणी. वैजयंती म्हणाली, "अहो, पाटा-वरवंटा राहिला."

"चेष्टा पुरे!"

पण मंडळी, सुखात होती हो जोडी! मोहाच्या झाडाखाली खिचडी रटरटायची, वैजयंती पाय पसरून समोरच्या डोंगराकडे बघत बसायची. खर्च जवळजवळ नाहीच. श्रीरंग मनात म्हणायचा, बघ, कुणापुढे हात न पसरता बायकोची हौस पुरवली!

असं हिंडता हिंडता एका सकाळी ते एका पाड्यावर आले. दहा-बारा कुडाची घरं, पहिल्याच घरातून एक बाई बाहेर आली. जामना तिचं नाव, सगळे तिला जामनामाय म्हणायचे. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. तिची बोली वेगळी, मी आपला आपल्या भाषेत सांगतो. तिनं नुसता तांब्या पुढे केला.

वैजयंतीचा हात उठला — आणि श्रीरंगानं तो धरला! "नको, नको! आहे आमच्याकडे!" बाटली काढून दाखवली. वर हसून नमस्कार केला, आणि चालू लागला.

आता त्या पाड्याची रीत ऐका. पाहुणा आला की आधी पाणी. तो पाणी पिईपर्यंत 'कुठून आलास, कुठे चाललास' असं विचारायचं नाही. आणि न पिताच निघाला तर? अडवायचं नाही. समजायचं, याला आपल्याशी बोलायचं नाही. जामनामाय तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. काय करेल बिचारी?

पुढे चढ लागला. श्रीरंगाच्या मोबाईलमध्ये वर एक निळा ठिपका होता, म्हणजे झरा! तिथे बाटल्या भरायच्या, असा त्याचा बेत. चढले, घामाघूम झाले, बाटल्या संपवल्या, ठिपक्यावर येऊन उभे राहिले. झरा कुठला! वाळलेलं शेवाळ आणि तापलेले धोंडे!

वैजयंती धोंड्यावर बसली. हसली. मग हसणं थांबलं. म्हणाली, "अहो, मला गरगरतंय." आणि आडवी झाली. ओठ पांढरे, हाक मारली तर नुसतं हूं!

आता सांगा! तांदूळ आहे, डाळ आहे, दोरी आहे. काय करायचं त्याचं? श्रीरंगानं तंबूचं कापड झाडीला बांधून तिच्यावर सावली केली, पाठीवरचं सगळं तिथेच टाकलं आणि उतारावरून धावत सुटला. डोळ्यांपुढे एकच — ही गेली तर? माझ्या अटीपायी गेली तर?

पाड्यावर पोचला. जामनामाय दारातच. आत गेली, तांब्या घेऊन आली. आणि श्रीरंगानं काय केलं असेल? अहो, जीव जातोय बायकोचा, तरी आधी खिशात हात घातला! नोट काढली!

जामनामायनं तांब्या मागे घेतला.

"पाणी विकायला बसले नाही मी!"

नोट पडली खाली. आणि त्या माणसानं, मंडळी, जन्मात पहिल्यांदा ओंजळ केली. गुडघे टेकले आणि रडत म्हणाला, "माय, पाणी दे. माझी बायको वर पडलीय."

झालं! जामनामायनं त्याच्या ओंजळीत धार धरली आणि अशी हाक मारली की सगळा पाडा बाहेर! हंडा घेतलेल्या बाया डोंगर अशा चढल्या की श्रीरंग मागेच राहिला. वैजयंतीच्या तोंडावर पाणी शिंपडलं, घोट घोट पाजलं, पदरानं वारा घातला. डोळे उघडले तिनं. पहिलं काय म्हणाली? "अहो, तुम्ही प्यालात का?"

संध्याकाळी जामनामायच्या अंगणात दोघं बसली. भाकरी, मिरचीचा ठेचा. श्रीरंग म्हणाला, "माय, झरा आटलाय हे सकाळी सांगितलं का नाहीस?"

"तू पाणी कुठे प्यालास? वर चालला होतास की खालच्या रस्त्याला, मी कशी विचारणार?" तिनं त्याच्या ताटात ठेचा वाढला. मग म्हणाली, "माझा लेक दाज्या तिकडे गुजरातेत बांधकामावर आहे. तहान लागली की कुणाच्या तरी दारात जात असेल. त्या दाराला मी काय देणार? ते दार मला ठाऊकच नाही. म्हणून इथून जाईल त्याला पाजते. तू सकाळी नको म्हणालास, तेव्हापासून घास उतरला नाही माझ्या घशाखाली. वाटलं, तिकडे माझ्या लेकालाही कुणी पाजलं नाही."

ऐकलंत? हा समजत होता, घेतलं की आपण लहान होतो. आणि तिथे एक आई दारात उभी होती — कुणीतरी घ्यावं म्हणून!

श्रीरंगानं काय केलं? रिकामं ताट पुढे केलं. म्हणाला, "माय, अजून एक भाकरी वाढ." वैजयंतीनं पदर डोळ्यांना लावला. आणि जामनामाय त्या दिवशी पहिल्यांदा जेवायला बसली.

आता तुमच्याकडे वळतो! हसताय काय त्या श्रीरंगाला? शेजारीण वाटीभर खीर आणते — "कशाला उगीच त्रास!" सून पाय चेपायला बसते — "राहू दे, मला सवय नाही." लेक पहिल्या पगारातून लुगडं आणतो — "पैसे का उधळलेस?" अहो आई, नेसा की ते! त्याचा चेहरा बघा एकदा!

आणि देवाकडे येता ते नारळ घेऊन, हार घेऊन. तो द्यायला उभा आहे, तुमच्या हातात जागा कुठे आहे? आता प्रसाद वाटतील. 'नको' म्हणू नका. ओंजळ करा.

आणि गोदाकाकू... मघाशी पेला आणलात, मी तुम्हाला परत पाठवलं. चुकलं माझं. आणा तो इकडे. मंडळी, मी पितो तोवर तुम्ही नाव घ्या त्याचं!