कोरडे कप्पे

नाही, त्या कागदावर मी सही करणार नाही. बसा तुम्ही. ती खुर्ची डुगडुगते, पण इथे रूळ सोडून सगळंच डुगडुगतं. काय लिहिलंय? ‘पॅराशूटची घडी घालताना झालेली चूक.’ वा. म्हणजे मिस लुएलाची चूक. साहेब, अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे ती — चाळीस फुटी टेबलावर कापड पसरते, दोरी न् दोरी मोजते, बोटात अंगठी घालत नाही, कापडाला ओरखडा नको म्हणून. युद्धात तिच्या पॅराशूटची एकही तक्रार आली नाही — हसू नका, ज्याचं उघडत नाही तो तक्रार करायला येत नाही हे मलाही कळतं, तो विनोद तिचाच आहे. तुमच्या या कागदावर ती उद्या घरी जाईल आणि तिचं पॅराशूट भंगारात. चांगलं पॅराशूट, साहेब.

वॉशिंग्टनहून आलात म्हणून सांगतो. इथे रुळांवर पॅराशूटची चाचणी घेतो ती रॉकेटगाडी — तिला चाकं नसतात, ब्रेक नसतो, तिला पाणी थांबवतं. रुळांच्या मधे लांबच लांब हौद, त्यात कप्पे — गाडीच्या पोटाखालचा पत्रा पाणी उपसत जातो न् गाडी मंदावते. पण पहिले चार कप्पे कोरडे ठेवायचे. का? तिथे पॅराशूट उघडतं — आधी त्याला पोटभर हवा घेऊ दे, मग पाणी. एवढी अक्कल माझ्या कुत्र्यालाही आहे. आणि कर्नल व्हिटकॉमनी मंडप कुठे घातला? नेमका त्या कोरड्या कप्प्यांसमोर. सिनेटर, त्यांच्या बायका, लिंबाचं सरबत, थंड कोंबडी. मागच्या वेळी फवारा उडाला तो मंडपापासून पाव मैल पुढे, फोटोवाल्यांच्या वाट्याला नुसती धूळ. म्हणून यंदा म्हातारा कर्नल म्हणाला, “पाणी इथे हवं. लोकांना पाणी आवडतं.”

त्याला कोण बोलणार? तीन इंजिनियर उभे होते, तिघांचे केस पिकलेले, तिघंही आपापले बूट बघत होते. या लोकांनी म्हणे जग वाचवलं — मी यांना मान वर करतानाही पाहिलेलं नाही. गाडी पाण्यात घुसली तेव्हा पॅराशूट पिशवीतून अर्धंच बाहेर आलं होतं. पाण्याची भिंत आली न् चिंध्या झाल्या. फवारा मात्र झकास. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत बसवलेल्या पुतळ्याचं मुंडकं उडून मंडपाजवळ पडलं, त्यालाही टाळ्या.

म्हणून म्हणतो, चूक घडीची नाही, पाण्याची — काय? नोंदवहीत कप्पे कोरडे आहेत? असणारच, नोंदवही कर्नलच्या टेबलावर असते. — कप्प्यांत पाणी सोडायची झडप कुणी उघडली? उघडली असेल कुणीतरी. ते चाक जड असतं, सव्वीस फेरे लागतात, गंजलेलं, तळहाताला फोड येतात — माझ्या हाताकडे काय बघताय?

मी म्हटलं कर्नलला. म्हटलं, सर, हे कप्पे — तर म्हणाला, “प्रुइट, तू कॉलेज सोडलंस ना?” बस, एवढंच. कॉलेज सोडलं की सैन्यभरतीचा कागद येतो, साहेब. माझाही आला. तेव्हा कर्नलनी पत्र लिहिलं — हा मुलगा इथे अत्यावश्यक आहे. दर सहा महिन्यांनी लिहितो. मी अत्यावश्यक, चाक फिरवायला. आणि मिस लुएलाला काल माझ्यादेखत विचारत होते, दोर कुठे अडकला, आठवून बघा. ती आठवत होती, साहेब. खरंच आठवत होती. म्हणाली, वय झालं, चुकलंही असेल. मी तिथेच उभा होतो. बूट मलाही आहेत.

हे लिहिलंत तुम्ही? मी नुसता बोलत होतो. — नको, खोडू नका. नवा कागद घ्या. झडप प्रुइटनी उघडली. कर्नलच्या हुकमावरून, हे पुढच्या ओळीत — आधी माझं येऊ द्या, नाहीतर मीही त्यांच्यासारखाच दिसेन. पेन द्या. इथे? — झालं. आता जा तुम्ही. मला बॅग भरायचीय.