मुंजाजीच्या नावाच्या पिशव्या

— न्हाई न्हाई, आमंत्रणाचं वाईट कशाला वाटंल अंजू? तू पाटोद्याहून एवढ्या उन्हाची चौसाळ्याला आलीस, माझा फळांचा गाडा हुडकलास — बस आधी, ह्या पालथ्या क्रेटवर बस, मोडत न्हाई. बापाचं वर्षश्राद्ध, अन् लेक स्वतः सांगाया आली, लई झालं. पण माझं यायचं जमत न्हाई बेटा. कावून म्हणतीस? टरबुजाचा हंगाम हाय, गिऱ्हाईक हाय — बायकू हाय म्हणा गाड्याला, ही काय सायरा, सांभाळती ती — तरी न्हाई जमत. अन् मला खाया तरी कुठं येतंय? पोट काढलं न्हवं का. चार घास गेले की बास. तुमच्यात पाहुणा उपाशी उठला तर बरं दिसत न्हाई.

मुंजाजी माझी आठवण काढायचा? काढणारच. शेजारी-शेजारी खाटा होत्या आमच्या. आजार एकच, पोटातला क्यान्सर, अन् रक्त बी एकच — ते ओ निगेटिव्ह, लवकर घावत न्हाई म्हणतात. तुझा बाप म्हणायचा, ख्वाजाभाई, आपल्या दोघांची पोटं एकाच कुंभारानं घडविली, भट्टी तेवढी कच्ची राहिली. असा माणूस. सायरानं पेज आणली की अर्धी त्याला, तुझ्या आईनं ताक आणलं की अर्धं मला. तू न्हवतीस तवा, बाळंतीण होतीस, सासरी. रोज तुझं नाव काढायचा. नातवाचा फोटू मोबाइलवर आलता, तो आख्ख्या वार्डाला दाखवला त्यानं. नर्सबाईला तर दोनदा.

आपरेशन माझं आधी झालं. त्याचं आधी ठरलं होतं, पण त्याच्या अंगात रक्तच कमी — डॉक्टर म्हणले, आधी रक्त चढवू, मग हात लावू. म्हणून तुझा चुलतभाऊ रामहरी अन् त्याचा एक सोबती, दोघं ऊसतोडीवरनं आले, त्याच्या नावानं रक्त देऊन गेले. माझं झालं ते चांगलं झालं म्हणत होते सगळे. अन् दुसऱ्या दिवशी पोटाच्या नळीतनं लाल यायला लागलं. नुसतं लाल. हातपाय गार. पुन्हा पोट उघडायचं तर रक्त पायजे, अन् सायरा इकडं पळ तिकडं पळ — रक्तपेढीत त्या गटाच्या दोनच पिशव्या, त्या बी मुंजाजीच्या नावाच्या, ते तर तुला माहीतच हाय —

माहीत न्हाई?

आईनं सांगितलं न्हाई तुला? रामहरीनं बी न्हाई? … मग राहू दे. मी आपला बोलत सुटतो. टरबूज कापू का? लाल निघंल, खात्रीचं हाय. न्हाई? … अशी बघू नको माझ्याकडं. तुझ्या बापाचेच डोळे हायेत ते.

बरं. अर्धं ऐकून गेलीस तर वाईटच ऐकून जाशील, म्हणून सांगतो. डॉक्टर तुझ्या आईबापाकडं आले. मधी पडदा होता, पण कापडाचाच की. म्हणले, ह्या पिशव्या ह्यांना दिल्या तर तुमचं आपरेशन लांबंल, दुसरं रक्त मिळंस्तोवर. तुमची इच्छा, जबरदस्ती न्हाई. तुझी आई म्हणली, न्हाई. आधी आमच्या माणसाचं होऊ द्या. बरोबरच म्हणली! मी तिच्या जागी असतो तर तेच म्हणलो असतो. माझ्या तोंडातनं आवाज निघत न्हवता, पण ऐकू सगळं येत होतं — अन् मी काय केलं सांगू? दुवा मागितली. मला बरं कर, अशी न्हाई. म्हणलो, या अल्ला, ह्या बाईला गप कर. जिनं मला ताक पाजलं तिला गप कर म्हणलो. हे सायराला बी ठाऊक न्हाई. आज ऐकती ती.

मग मुंजाजीचा आवाज आला. म्हणला, "भिवरा, माझं उद्या झालं तरी चालतंय. ह्यो आत्ता चाललाय."

अन् तुझी आई गप झाली.

तेवढंच. पुढचं मला सायरानं सांगितलं. दोन्ही पिशव्या मला चढल्या, मी वाचलो. तुझ्या बापाला दुसरं रक्त मिळाया दिवस गेले, त्यात ताप आला, छाती भरली, अन् शेवटी पोट उघडलं तर आजार लांबवर पसरलेला. तसंच शिवलं. डॉक्टर म्हणले, हे आधीपासूनचं हाय, आठवड्याभरात एवढं पसरत न्हाई, त्या दिवशी उघडलं असतं तरी हेच दिसलं असतं. खरं असंल. शिकलेली माणसं हायेत, खोटं कशाला बोलतील? पण ते माझ्यासमोर बोलले अन् मला बरं वाटलं — त्या बरं वाटण्याचाच मला भरोसा न्हाई.

मातीला आलो न्हाई मी. टाके ओले होते म्हणून सांगितलं सगळ्यांना. टाके सुकले होते बेटा. रामहरीचा फोन आला, मुंजाजी गेला म्हणून, अन् मी फोन ठिवला, अन् मला भूक लागली. आपरेशनपासनं पहिल्यांदा. कुणी मेल्यावर चूल पेटवत न्हाईत लोक, अन् मी सायराकडनं खिचडी करून घेतली. खाल्ली. पचली बी. रमजानच्या आधी एकदा तुमच्या गावाच्या फाट्यावर उतरलो होतो. तिथं मुंजाजीचं नाव काढलं तर पोरं थेट घर दाखवाया निघाली, अन् मी म्हणलो, न्हाई, चुकून उतरलो. परत फिरलो. आता सांग, कुठल्या तोंडानं येऊन पंगतीत बसू? तुझ्या आईनं वाढायचं अन् मी खायचं?

बोल की काहीतरी. शिवी दे.

काय? … न्हाई, पुन्हा सांग. आईनं पाठवलं? मला वाटलं रामहरीनं. फोन करते म्हणलीस तर नको म्हणली? तूच जा, अन् तो काय बोलंल ते बसून ऐक, असं म्हणली?

असं म्हणली भिवराबाई.

… सायरा, गाड्याकडं बघ जरा. अन् अंजू, तू नीघ आता. ती बघ तुझी एसटी लागली. जा बेटा. मागं बघू नको, जा.